पाठीमागचे काम

मध्यम वयात, म्हणजे चाळिशी ओलांडल्यानंतर आणि निवृत्ती अजून काही वर्षे दूर असताना, हातातला व्यवसाय सोडून वेगळ्याच कामाला लागण्याचा निर्णय महाराष्ट्रातल्या शहरी मध्यमवर्गात आता पूर्वीइतका दुर्मिळ राहिलेला नाही. बँकेतली किंवा संगणक कंपनीतली नोकरी सोडून शेतीकडे, शिक्षणाकडे, समुपदेशनाकडे अथवा एखाद्या कलेकडे वळलेल्या स्त्रीपुरुषांची ओळख दिवाळी अंकांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून होत असते, आणि ती बहुतेक वेळा त्या व्यक्तीच्या धाडसाची, तिला उशिरा गवसलेल्या आवडीची व तिने पत्करलेल्या जोखमीची ओळख असते. या मांडणीत खोटे काही नाही. पण ती अपुरी आहे, कारण काम ही गोष्ट एका आयुष्यात सुरू होऊन त्याच आयुष्यात संपत नाही. चाळिशीतला माणूस ज्या पायावर उभा राहून निर्णय घेतो तो पाया आदल्या पिढीच्या कामाने भरलेला असतो, आणि निर्णयानंतरची अवघड वर्षे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी चालू राहिलेल्या कामावर निघतात. हे पाठीमागचे काम मराठी समाजात कोणी केले, त्याची मोजदाद कशी झाली, बदलाची मुभा कोणाला मिळाली आणि कोणावर बदल लादला गेला, याचा विचार येथे करायचा आहे.

पिढीजात कामाची जी व्यवस्था महाराष्ट्रातल्या खेड्यांत दीर्घकाळ चालली तिचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात आहे. या व्यवस्थेचे दोन आधार होते. बलुते म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग इत्यादींना त्यांच्या वर्षभराच्या सेवेबद्दल कुणब्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. त्याचे प्रमाण थोरली, मधली व धाकटी अशा ओळींप्रमाणे ठरत असे. वतन म्हणजे ते काम करण्याचा आणि त्याचा मोबदला घेण्याचा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क. भावाभावांत वतनाच्या वाटण्या होत आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत, यावरून काम ही त्या काळी एक मिळकतच होती हे ध्यानात येते. अशा गावात सुताराच्या मुलाने काय करावे हा प्रश्न त्याच्या जन्माआधीच सुटलेला असे. त्याचा हात वाकसावर बसण्यापूर्वी गावाने त्याची जागा ठरवलेली असे, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो काही वेगळे करू पाहील ही कल्पना त्याला स्वतःला किंवा गावाला शिवण्याचे कारण नव्हते.

या व्यवस्थेकडे मागे वळून पाहताना तिच्यातल्या स्थैर्याचे कौतुक करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि आजच्या अनिश्चित नोकऱ्यांच्या काळात तो समजण्यासारखाही आहे. मात्र हे स्थैर्य सर्वांच्या वाट्याला सारख्या अर्थाने आले नव्हते. महार वतनाची नोंद वतन म्हणून होत असली तरी त्या वतनदाराने कोणते काम किती वेळ करायचे याला सीमा नव्हती. सरकारी चाकरी आणि गावकी या दोन्ही ओझ्यांखाली एका माणसाच्या नावावरच्या कामाला अख्खे घर जुंपले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते या वेठीतून सुटका व्हावी म्हणून, आणि कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, परंतु प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला आहे, ज्याकडे या विषयाच्या संदर्भात पुरेसे लक्ष दिले जात नाही. उद्योगधंदे कधीच एका जागी स्थिर राहत नाहीत, त्यामुळे बदलत्या परिस्थितीत माणसाला आपला व्यवसाय बदलता आला पाहिजे, आणि जात त्याला तसे करू देत नाही म्हणून ती बेकारीचेही एक कारण ठरते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पुढे संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय, धंदा किंवा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य दिले. पंचेचाळीस वर्षांचा एखादा अभियंता आज नोकरीचा राजीनामा देऊन शिक्षक होतो तेव्हा तो आपल्या आवडीचे ऐकत असतो हे खरेच. त्याबरोबरच, ज्यासाठी इतरांना दीर्घ लढा द्यावा लागला असा एक हक्क तो वापरत असतो.

मध्यम वयाची कल्पनाही येथे थोडी तपासून पाहायला हवी. परंपरेने आयुष्याचे जे चार आश्रम सांगितले त्यांत उत्तरार्धातल्या बदलाला जागा होती, परंतु तो बदल कामाकडून कामाकडे जाण्याचा नव्हता, तर गृहस्थाने हळूहळू कामातून बाजूला होण्याचा होता. शिवाय भारतातले सरासरी आयुर्मान १९५१ च्या सुमारास अवघे ३२ वर्षे होते आणि आज ते ७० च्या आसपास आहे. बालमृत्यू घटल्याचा यात मोठा वाटा असला तरी प्रौढांचे आयुष्यही लांबले आहे, आणि त्यामुळे पंचेचाळिशीनंतर कामाची वीस वर्षे उरतात असा हिशेब प्रथमच मोठ्या संख्येने माणसांना मांडता येऊ लागला आहे.

कामाचा वारसा आणि कामातला बदल यांचा संबंध ज्या एका ठिकाणी सर्वांत दाटपणे पाहता येतो ते म्हणजे मुंबईचे गिरणगाव. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्यांची आणि त्यांच्या भोवतीच्या चाळींची एक वेगळीच वस्ती उभी राहिली. येथे आलेला कामगार प्रामुख्याने रत्नागिरीकडचा आणि घाटावरच्या सातारा, पुणे, अहमदनगर या भागांतला होता, आणि त्याच्यापुरते पाहिले तर गिरणीत येणे हाच एक मोठा व्यवसायबदल होता. शेतीचा तुकडा पुरेना, सारा भागेना, म्हणून तो मुंबईला आला. पण शेती सुटली नाही, कारण ती मागे राहिलेल्या घरातल्या बायकांनी धरून ठेवली. कोकणात अशा माणसाला चाकरमानी म्हणतात. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा, महिन्याला मनीऑर्डर पाठवणारा हा माणूस कोकणच्या अर्थव्यवस्थेचा कणा मानला गेला, आणि त्याच्या मनीऑर्डरीची नोंद टपाल खात्यात राहिली. भाताची लावणी, गवत, गुरे, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांची सेवा आणि मुलांचे संगोपन एकहाती पाहणाऱ्या त्याच्या बायकोच्या कामाची नोंद कोठेच झाली नाही. संप लांबला, आजारपण आले, गिरणी बंद पडली की चाकरमानी ज्या घराकडे परतत असे ते घर याच कामाने टिकवलेले असे, आणि गिरणी कामगारांचे मोठे संप महिनोन्‌महिने टिकू शकले यामागे गावाकडच्या या आधाराचा वाटा होता असे मानायला भरपूर जागा आहे.

गिरणीत कायमची जागा एकदम मिळत नसे. बदली कामगार ही तेथली मधली अवस्था होती. रजेवर गेलेल्या किंवा गैरहजर राहिलेल्या कामगाराच्या जागी त्या दिवसापुरते काम मिळावे म्हणून बदलीवाले पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दरवाजावर उभे राहत आणि कोणाला आत घ्यायचे हे दीर्घकाळ जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, ठरवत असे. जॉबरचा हात डोक्यावर असणे म्हणजे बहुधा गावचे, जातीचे किंवा नात्याचे नाते असणे. त्यामुळे पुतण्या काकाच्या ओळखीने आणि मुलगा बापाच्या ओळखीने त्याच खात्यात लागे. कायद्याने कोणतेही वतन न देता गिरणगावाने अशा रीतीने वतनासारखीच एक रीत पुन्हा उभी केली. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की येथे पगार रोख होता, पाळीला वेळेची मर्यादा होती, आणि ती मर्यादा कामगारांनी लढून मिळवलेली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मिळालेली रविवारची साप्ताहिक सुटी हा त्या लढ्याचा आरंभीचा टप्पा होता. लोखंडे स्वतः आधी रेल्वे आणि टपाल खात्यात कारकून, मग एका गिरणीत भांडारपाल आणि त्यानंतर ‘दीनबंधु’चे संपादक व कामगारांचे संघटक झाले, हे त्यांच्या चरित्रात सहज एका ओळीत येऊन जाते, पण कामाकडून कामाकडे जाताना माणूस आधीच्या कामातले काय बरोबर नेतो याचे ते फार चांगले उदाहरण आहे. गिरणीच्या आतले त्यांनी पाहिले नसते तर कामगारांच्या मागण्यांचा अर्ज त्यांना तितक्या नेमकेपणाने लिहिता आला नसता.

जातीची भिंत गिरणीच्या आतही होती. साचेखात्यात, म्हणजे जेथे मागांवर कापड विणले जाई तेथे, मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली असे, परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. त्याचे कारण असे दिले जाई की धोट्यात नवी कांडी बसवताना सुताचे टोक छिद्रातून ओठांनी ओढून घ्यावे लागते आणि मग तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागतो. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. तो संप भडकला होता तो मात्र गिरणीमालकांच्या काटकसरीच्या योजनांवरून, ज्यांत एका विणकराने अधिक साचे सांभाळावेत अशी अपेक्षा होती. एकाच संपात अशा रीतीने दोन प्रश्न एकमेकांशेजारी उभे राहिले: ज्यांच्याकडे चांगले काम होते त्यांना ते टिकवायचे होते, आणि ज्यांना त्या कामाच्या दाराशीच अडवले होते त्यांना आत यायचे होते. पिढीजात कामाच्या अभिमानाविषयी बोलताना या दोघांपैकी कोणाच्या वतीने बोलले जात आहे हे स्पष्ट करणे आवश्यक असते.

एकट्याने राहणाऱ्या कामगारांच्या जेवणाची व्यवस्था गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी केली. दहा-पंधरा गाळेकऱ्यांना, कधी त्याहून अधिक जणांना, दोन्ही वेळचे जेवण पाळ्यांच्या वेळा सांभाळून करून घालणाऱ्या या बायकांचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळत, तोवर वाणसामान उधारीवर किंवा सावकाराच्या कर्जावर आणावे लागे. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. नंतरच्या काळात यांत्रिकीकरणाने आणि पुनर्रचनेने त्यांची खातीच आक्रसत गेली, आणि गिरणीतून बाहेर पडलेल्या अनेकींना चुलीपाशी बसून होणारा हाच धंदा जवळचा होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या कामाला प्रथमच धंदा म्हणून एक कागदोपत्री अस्तित्व आले. भांडवलाशिवाय, परवान्याशिवाय आणि रविवारच्या सुटीशिवाय चाललेल्या या कामावर शहराच्या सर्वांत मोठ्या उद्योगाचे मनुष्यबळ जेवत होते, याचा विसर कापड उद्योगाच्या इतिहासकारांनाही पुष्कळदा पडतो आणि तो पडू देता कामा नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणे आणि ज्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता देऊन बाकीच्यांना वाटाघाटींतून वगळले होते तो कायदा बदलणे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. संपाची औपचारिक सांगता कधी झालीच नाही. गिरण्या काही काळाने अर्धवट सुरू झाल्या, हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांची जमीन गिरण्यांपेक्षा मोलाची ठरली. या घटनेकडे मध्यम वयातल्या व्यवसायबदलाच्या दृष्टीने पाहिले तर तो महाराष्ट्रातला सर्वांत मोठा सक्तीचा व्यवसायबदल होता असे म्हणावे लागते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची, वीस वर्षे एकाच खात्यात घालवलेली माणसे रखवालदार झाली, भाजीच्या गाड्या लावू लागली, भिवंडीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत आणि लांब पाळ्यांत उभी राहिली किंवा गावी परतली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून उभा केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास ‘कथा गिरणगावाची’ या नावाने मराठीत आला आहे, आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात अशाच एका घरातली तरुण पिढी दिसते.

सक्तीच्या बदलात उत्पन्न जाते हे उघड आहे, पण त्याबरोबर जे ज्ञान जाते त्याची चर्चा कमी होते. आवाजावरून साच्याचा बिघाड ओळखणे, दमट हवेत आणि कोरड्या हवेत सूत कसे वागते याचा अंदाज बांधणे, तुटलेला धागा चालत्या कामात बोटांनी गाठ न दिसेल असा जोडणे, ही कौशल्ये शिकायला अनेक वर्षे लागत आणि ती कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली नसत. रखवालदाराच्या कामात त्यांना जागा नव्हती. येथे स्वेच्छेने केलेला बदल आणि लादलेला बदल यांच्यातला खरा भेद दिसतो: स्वेच्छेने बदलणारा माणूस आपल्या जुन्या कामातले काय पुढे न्यायचे याची निवड करू शकतो आणि त्यासाठी वेळ घेऊ शकतो, तर ज्याच्यावर बदल येऊन कोसळतो त्याला दुसऱ्या दिवशीचा शिधा आणायचा असल्यामुळे हाती येईल ते काम धरावे लागते आणि मागचे सगळे एका दिवसात कुचकामी ठरते.

गिरणगावानेच दुसऱ्या प्रकारचेही उदाहरण दिले आहे. नारायण सुर्वे हे गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेले आणि स्वतःचे नाव दिलेले मूल. त्यांनी लहानपणापासून घरकाम, हॉटेल, गिरणी अशी मिळतील ती कामे केली, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम केले आणि पस्तिशीच्या आसपास ते शिक्षक झाले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह आला. ज्या शाळेच्या व्यवस्थेत घंटा वाजवायची त्याच व्यवस्थेत फळ्यापाशी उभे राहणे हा प्रवास आजच्या पगाराच्या भाषेत फार मोठा वाटणार नाही. पण तो ज्या जन्मापासून सुरू झाला तेथून मोजला तर त्याची लांबी कळते, आणि त्याच्या मुळाशी एका गिरणी कामगार जोडप्याने अनोळखी मुलाचे पोट आपल्या मजुरीवर घेण्याचा निर्णय आहे हेही कळते.

मराठी समाजातल्या मध्यम वयातल्या व्यवसायबदलाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे आहे. त्यांचे वडील दाजीशास्त्री त्र्यंबकेश्वरचे, संस्कृतचे विद्वान आणि पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापक. घरातली विद्या शास्त्र्याची. मुलाने त्या विद्येची वाट न धरता जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन गाठले, छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची सरकारी नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, रंगीत छपाईचे तंत्र शिकायला १९०९ साली जर्मनी गाठली आणि भागीदारांशी न जमल्याने छापखानाही सोडला. १९११ साली ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट मुंबईत पाहून त्यांनी चित्रपट काढण्याचे ठरवले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चरित्रकार हा झपाटलेपणाचा प्रवास म्हणून सांगतात, आणि तो तसा होताच. पण त्याच्या तपशिलांकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे फाळक्यांनी जुनी कामे टाकली असली तरी त्यांतले काहीच वाया गेले नाही: चित्रकला पडद्यांत आली, छायाचित्रण कॅमेऱ्यात आले, छपाईतले रसायनांचे ज्ञान फिल्म धुण्याच्या कामी आले, आणि वडिलांकडून आलेली पुराणकथांची विद्या, जी त्यांनी व्यवसाय म्हणून नाकारली होती, ती चित्रपटांच्या विषयांतून परत आली. नाकारलेला वारसा अशा आडवाटेने हाती येतो हे पिढ्यांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांची आहे. लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळक्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या, सरस्वतीबाईंचे दागिने चित्रपटाच्या भांडवलात गेले, आणि एवढ्यावर त्यांचा वाटा संपला नाही. त्या काळी कच्ची फिल्म कडेची भोके न पाडलेलीच येई, ती भोके अंधारात बसून पाडण्याचे काम त्या करत. फिल्म धुण्यात त्यांचा हात असे. आणि चित्रपटात काम करणाऱ्या, घरातच राहणाऱ्या माणसांच्या मोठ्या पंगतीचा रोजचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. असेच पाठीमागचे काम कर्व्यांच्या घरीही झाले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठाची स्थापना केली, आणि त्या ध्येयापायी संसाराची जी ओढाताण झाली ती त्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात कोणतीही भीडभाड न ठेवता सांगितली आहे. अशी आत्मचरित्रे मराठीत आहेत हे मराठी वाचकाचे भाग्य आहे, कारण त्यांच्यामुळे मोठ्या माणसाच्या निर्णयाची दुसरी बाजू ज्यांनी ती पेलली त्यांच्याच शब्दांत उपलब्ध झाली. ती वाचल्यावर कर्व्यांचे मोठेपण उणे होत नाही. ते एकट्याचे नव्हते, एवढे मात्र कळते.

आजच्या मध्यमवर्गीय व्यवसायबदलाची घडण याच दिशेने तपासता येते. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला ज्या चार गोष्टींचा आधार असतो, म्हणजे कर्ज फिटलेले घर, भविष्य निर्वाह निधीची रक्कम, दुसऱ्या कमावत्या जोडीदाराचा पगार आणि आईवडिलांचे निवृत्तिवेतन, त्यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी पूर्णपणे आणि पहिली बरीचशी दुसऱ्या कोणाच्या सलग, कंटाळवाण्या वाटणाऱ्या, न सोडलेल्या कामातून आलेली असते. वडिलांनी एकाच कार्यालयात, राज्य शासनाच्या नोकरीत असतील तर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत, काढलेली तीस-पस्तीस वर्षे मुलाला पुष्कळदा अरुंद वाटतात. त्यांच्या पिढीला काम म्हणजे टिकणे वाटले आणि याच्या पिढीला काम म्हणजे स्वतःला ओळखणे वाटते, आणि या दोन समजुतींत घरोघरी अबोला धरला जातो. त्या अबोल्यात वडिलांच्या भीतीला केवळ जुनाटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याने चाळीतल्या शेजाऱ्याची गिरणी सुटल्यावरचे दिवस पाहिले आहेत, त्याच्या दृष्टीने सुटलेली नोकरी आणि सोडलेली नोकरी यांच्यात फरक करणे सोपे नसते, कारण दोन्हींनंतरची पहिली तारीख सारखीच असते. दुसरीकडे मुलाचा निर्णय हा कृतघ्नपणा ठरवणेही चुकीचे आहे, कारण वडिलांनी ती वर्षे बहुधा याचसाठी काढलेली असतात की मुलाला निवड करता यावी. ती निवड त्यांना अपेक्षित होती तिच्याहून वेगळी निघाली एवढेच.

या हिशेबात जोडीदाराचा भाग सर्वांत कमी बोलला जातो. नवरा शेतीकडे वळला म्हणून आपली शाळेतली किंवा रुग्णालयातली नोकरी, तिथला बदललेला मुख्याध्यापक, रात्रपाळ्या आणि बदल्या सोसत आणखी पंधरा वर्षे चालू ठेवणाऱ्या स्त्रीला स्वतःलाही काही वेगळे करायचे होते का, हे विचारण्याची रीत अजून रुळलेली नाही. स्त्रीने मध्यम वयात व्यवसाय बदलला तर तो छंद मानला जातो आणि पुरुषाने बदलला तर ध्येय, ही तफावत मराठी कुटुंबात आजही ठळक आहे, आणि ती मोडायची असेल तर व्यवसायबदलाचा निर्णय घरात आळीपाळीने घेता येण्याजोगा असला पाहिजे. एकाने दहा वर्षे घर ओढावे आणि दुसऱ्याने त्या काळात शिकावे, चुकावे, पुन्हा उभे राहावे, आणि मग त्या जागा खरोखरच बदलाव्यात. काही घरांत हे घडूही लागले आहे, मात्र कौतुकाच्या लेखांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, कारण त्यात एकच नायक सापडत नाही.

पाठीमागच्या कामाची मोजदाद कशी अपुरी राहते हे गिरणगावात आजही दिसते. बंद पडलेल्या ५८ गिरण्यांच्या कामगारांसाठी किंवा त्यांच्या वारसांसाठी म्हाडाने बांधलेल्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा अर्जदाराला द्यावा लागतो, आणि त्यासाठी तिकीट क्रमांक, गिरणीचा पास, राज्य कामगार विम्याचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती असे कागद शोधले जातात. आज हे कागद शोधणारी व्यक्ती बहुधा कामगाराची मुलगी, मुलगा किंवा नातवंड असते आणि तिचे स्वतःचे वयही पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीचे असते. आयुष्यात तीन-चार नोकऱ्या बदललेल्या या पिढीला वडिलांच्या किंवा आजोबांच्या एकाच नोकरीचा क्रमांक हाच सर्वांत मोलाचा कागद ठरतो. हा हक्क उशिरा आणि अपुऱ्या प्रमाणात मिळाला असला तरी तो न्याय्य आहे, कारण ज्या कामगारांच्या कामावर ती जमीन मोलाची झाली त्यांच्या वारसांचा तिच्यावर दावा पोहोचतोच. परंतु त्याच चाळीतल्या, त्याच कामगारांना वर्षानुवर्षे दोन वेळा जेवू घातलेल्या खानावळवालीकडे तिकीट क्रमांक नव्हता. तिच्या कामाच्या नावाने अर्ज भरण्याची सोय त्या योजनेत नाही, आणि तिची मुले अर्ज करतात ती त्यांच्या वडिलांचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर असेल तरच.